‘झिरो फी’ लिहिलेलं असूनही पैसे कमी का येतात? शारजा आणि कोइमतूरहून घरी येणाऱ्या पैशाचा हिशेब

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. थोरला भाऊ शारजाला नोकरीला आहे, चुलते कोइमतूरला गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानात आहेत, आणि दोघंही दर महिन्याला आईच्या नावे पैसे पाठवतात. भावाच्या अ‍ॅपवर ‘झिरो फी’ असं दिसतं, तरी गावातल्याच दुसऱ्या मुलाला तेवढ्याच दिरहमचे जास्त रुपये येतात. चुलत्यांना कधी चार्ज लागतो, कधी लागत नाही. सगळ्यात स्वस्त सेवा कोणती, या पैशावर टॅक्स बसतो का, आणि आईचं खातं पतसंस्थेत असेल तर चालेल का, असं विचारलं आहे.

बँकेत परकीय चलनाचं काम बरीच वर्षं केलं आणि आता सांगलीत कर सल्ल्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न विटा, आटपाडी, तासगाव भागातल्या घरांतून माझ्याकडे सारखा येतो. एका सेवेचं नाव सांगून मोकळं होता येत नाही, कारण आज स्वस्त असलेली पुढच्या महिन्यात तशी राहीलच असं नाही. हिशेब कसा घालायचा ते सांगतो, म्हणजे दर वेळी कुणाला विचारायला नको.

आधी शारजाचं बघू, खरा पैसा तिथंच कापला जातो.

तुमच्या घरी गलाईचा धंदा आहे, म्हणून तुम्हाला हे लगेच समजेल. सोनार ‘मजुरी माफ’ अशी पाटी लावतो आणि मोड घेताना घट जास्त धरतो. ‘झिरो फी’चं तसंच आहे. फी सोडलेली असते, कमाई रेटमध्ये असते. बाजारात दिरहमचा जो भाव चालू असतो आणि कंपनी तुमच्या भावाला जो भाव देते, त्यातला फरक हाच त्यांचा खरा चार्ज. पावतीवर तो कुठं लिहिलेला नसतो.

तो फरक घरबसल्या काढता येतो. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725 दिरहम, आणि 1997 पासून त्यात बदल नाही. म्हणून डॉलरचा त्या वेळचा बाजारभाव बघायचा आणि त्याला 3.6725 ने भागायचं. समजा डॉलर 90 रुपये आहे, तर दिरहमचा खरा भाव साधारण 24 रुपये 50 पैसे. भावाच्या अ‍ॅपवर 24.20 दिसत असेल तर दर दिरहममागे 30 पैसे गेले. 3,000 दिरहम पाठवले की 900 रुपये. फी मात्र शून्य!

आता दुसरी एक सेवा घ्या. ती 20 दिरहम फी लावते, फीवर तिकडचा 5 टक्के व्हॅट धरून 21 दिरहम होतात, पण रेट 24.42 देते. 3,000 दिरहममधून 21 वजा केले की 2,979 उरतात आणि घरी 72,747 रुपये येतात. झिरो फीवालीकडून 72,600 येतात, म्हणजे फी घेणारी 147 रुपयांनी स्वस्त पडली. पण भाऊ 1,000 दिरहमच पाठवत असेल तर चित्र उलटतं. झिरो फीवालीकडून 24,200 आणि दुसरीकडून 23,907. या उदाहरणात 2,300 दिरहमच्या आसपास पारडं फिरतं. शेजारच्या मुलाला जास्त रुपये का येतात, याचं कारण बहुधा इथंच सापडेल. त्याचा रेट वेगळा असेल, किंवा नव्या ग्राहकाला पहिल्या एकदोन वेळा देतात तो खास रेट त्याला मिळाला असेल. तो खास रेट पुढं टिकत नाही, म्हणून पहिल्या व्यवहारावरून कुठल्याही सेवेबद्दल मत बनवू नये.

तेव्हा भावाला एवढंच सांगा, की फीचा रकाना बघू नको, रेटचाही एकटा बघू नको. ‘मी एवढे दिरहम भरले तर खात्यावर किती रुपये जमा होतील’ हा आकडा दोन-तीन ठिकाणी, एकाच वेळी, तीच रक्कम टाकून बघ. वेळ एकच हवी, कारण रेट दिवसात बदलतो. शनिवार-रविवारी चलनाचा बाजार बंद असतो आणि सोमवारी भाव कुठं उघडेल त्याची जोखीम नको म्हणून काही कंपन्या त्या दोन दिवसांत रेट थोडा कमी देतात. शारजात सरकारी सुट्टी शुक्रवारपासूनच सुरू होते, त्यामुळे तिथली मुलं नेमकी सुट्टीच्या दिवशी पैसे पाठवायला बसतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून पाठवलेले बरे.

रेट वाढेल म्हणून पैसे अडवून ठेवण्याचं एक खूळ असतं. घरखर्चाच्या पैशाला ते परवडत नाही. 2,000 दिरहमवर दहा पैशांनी रेट वाढला तरी फायदा 200 रुपयांचा, आणि तेवढ्यासाठी इकडं किराणा दुकानात उधारी चढते. घर बांधायला किंवा जमिनीच्या व्यवहाराला मोठी रक्कम यायची असेल तर रेटवर नजर ठेवणं समजू शकतं.

पैसे कुठून भरले यावरही फरक पडतो. तिकडच्या बँक खात्यातून किंवा डेबिट कार्डवरून भरावेत. क्रेडिट कार्डवरून भरले तर बऱ्याच बँका ती रोख उचल समजतात, तिच्यावर वेगळा चार्ज घेतात आणि व्याज पहिल्या दिवसापासून लावतात. हा चार्ज पैसे पाठवणाऱ्या अ‍ॅपवर दिसत नाही, महिन्याच्या बिलात दिसतो.

आता पैसे कोणत्या वाटेनं येतात ते बघू, कारण कापाकापीचं दुसरं ठिकाण ते आहे. आखातातली एक्स्चेंज हाऊसं बहुतेक करून रुपी ड्रॉइंग अ‍ॅरेंजमेंट नावाच्या व्यवस्थेतून पैसे देतात. त्यांचे रुपये इथल्या एखाद्या बँकेत आधीच ठेवलेले असतात. तिकडं दिरहम घेतले की इथली ती बँक एनईएफटी किंवा आयएमपीएसनं आईच्या खात्यावर रुपये जमा करते. चलन तिकडंच बदललेलं असतं, त्यामुळे पावतीवर जेवढे रुपये लिहिले तेवढेच पासबुकात यायला हवेत. घरगुती पैशाला या वाटेनं रकमेची मर्यादा नाही, मात्र रोख मिळत नाही, खात्यावरच येतात.

दुसरी वाट मनी ट्रान्सफरच्या काउंटरची. नंबर सांगून पैसे घ्यायचे, ती. तिला रिझर्व्ह बँकेच्या मर्यादा आहेत: एका वेळी 2,500 डॉलरपर्यंत, एका माणसाला वर्षात तीस वेळा, आणि रोख हातात 50,000 रुपयांपर्यंतच, त्यावरचे खात्यावर. अडीनडीला ही वाट चांगली. दर महिन्यासाठी मी सुचवत नाही, रेट बहुधा पडता असतो.

तिसरी वाट बँकेतून बँकेत, स्विफ्टनं. हिच्यात पैसे डॉलरमध्ये निघतात आणि वाटेत एक-दोन मधल्या बँका आपापला हिस्सा काढून घेतात. पाठवताना फॉर्मवर चार्ज कोणाच्या अंगावर हे विचारतात. सगळा पाठवणाऱ्यावर असेल तर ‘अवर’, वाटून असेल तर ‘शा’, घेणाऱ्यावर असेल तर ‘बेन’. काहीच न बघता बटण दाबलं की बहुधा वाटून जातं आणि इथं काही डॉलर कमी पोचतात. शिवाय डॉलरचे रुपये इथली बँक करते, म्हणजे रेट तिचा आणि वर जीएसटी. तो जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या बदलीवर रकमेचा 1 टक्का, पण कमीत कमी 250 रुपये, एवढं सेवेचं मूल्य धरतात आणि त्याच्यावर 18 टक्के. 72,600 रुपयांवर साधारण 131 रुपये, लाखावर 180 रुपये. लाखाच्या पुढं दर उतरत जातो. रक्कम फार नाही, पण पासबुकात ही नोंद दिसली की लोक बँकेत जाऊन भांडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पेपालचंही काही जण विचारतात, विशेषतः ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते. अमेरिकेतल्या अमेरिकेत घरच्या माणसाला पेपालनं पैसे देताना बँक खात्यातून दिले तर फी नसते आणि कार्डावरून दिले तर 2.9 टक्के आणि वर 30 सेंट, हे त्यांनी ऐकलेलं असतं. ते इकडं लागू होत नाही. भारतातलं पेपाल खातं परदेशी ग्राहकाकडून कामाचे किंवा मालाचे पैसे घेण्यासाठी आहे, मुलानं आईला पाठवायच्या पैशासाठी नाही. देशांतर्गत सेवा तर त्यांनी 1 एप्रिल 2021 पासून बंदच केली. घरचा पैसा ‘कामाचा मोबदला’ दाखवून त्या खात्यावर घेणं मुळीच करू नका. फीही जास्त जाते आणि घरखर्चाची रक्कम कागदावर धंद्याचं उत्पन्न होऊन बसते. अमेरिकेत 1 जानेवारी 2026 पासून परदेशी पैसे पाठवण्यावर 1 टक्का करही आला आहे, पण तो रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर चेक देऊन पाठवलं तर. बँक खात्यातून किंवा तिथल्या कार्डावरून पाठवलं तर नाही. भाऊबंदांपैकी कुणी तिकडं असेल तर त्याला कळवा.

तुमच्या भावासाठी मला सगळ्यात पटणारी पद्धत जरा वेगळी आहे. त्यानं इथल्या बँकेत एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयानं तिकडची कमाई इथं ठेवायचं रुपयातलं खातं, काढावं. दर महिन्याला थोडे-थोडे न पाठवता दोन-तीन महिन्यांचे एकदम या खात्यावर आणावेत. ठरावीक फी एकदाच लागते आणि मोठ्या रकमेला रेटही अनेकदा बरा मिळतो. मग तिथून आईला दर महिन्याला यूपीआयनं द्यावेत, त्याला चार्ज नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या मोबाइल नंबरवर एनआरई किंवा एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशासाठीचं) खातं यूपीआयला जोडायची सोय 2023 पासून आहे. सौदी, कतार, ओमान, अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर हेही त्या यादीत आहेत. आपली बँक ही सोय देते का तेवढं खातं काढण्याआधी विचारून घ्यायचं. एनआरई खात्याच्या व्याजावर इथं कर नाही आणि गरज पडली तर पैसा परत तिकडं नेता येतो.

याच्याच उलट गावोगाव काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. पोरगं परदेशी जाताना आपलं जुनं सेव्हिंग खातं तसंच ठेवतं, एटीएम कार्ड आणि पिन धाकट्या भावाच्या हातात देतं. नोकरीसाठी माणूस बाहेर गेला की ते खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, असा फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, नियम आहे. ते राहिलं असेल तर भाऊ पुढच्या सुट्टीला आला की पहिलं काम तेच.

पतसंस्थेचं उत्तर नकारार्थी आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. आपल्या भागात पतसंस्थांचं जाळं मोठं आहे आणि लोकांची तिथं घरोब्याची ये-जा असते, पण परदेशातून येणाऱ्या पैशासाठी आईचं खातं बँकेतच हवं. सहकारी बँकेचं चालेल. तिला स्विफ्टची थेट सोय नसली तरी आयएफएससी कोड असेल तर एक्स्चेंज हाऊसकडून रुपये एनईएफटीनं तिथं येऊ शकतात. जनधनच्या वेळी काढलेलं खातं असेल तर त्याचं केवायसी पूर्ण आहे का ते बघा. अपुऱ्या कागदांवर काढलेल्या ‘छोट्या खात्या’वर वर्षाला एक लाखापर्यंतच जमा करता येतं आणि ओळख पूर्ण पटवल्याशिवाय परदेशी रक्कम घेताच येत नाही. पैसे आले नाहीत, परत गेले, अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हे असतं. दुसरं कारण जुना आयएफएससी. देना बँक, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका दुसऱ्या बँकांत गेल्या, त्यांचे कोड बदलले. आईचं पासबुक जुनं असेल तर त्यावरचा कोड भावाला पाठवू नका, शाखेत जाऊन नवा घ्या.

चुलत्यांचा मामला सोपा आहे. एका माणसानं दुसऱ्या माणसाला यूपीआयनं पैसे पाठवले तर चार्ज नाही, साधारण रोज एक लाखापर्यंत. ‘दोन हजारांच्या वर यूपीआयला 1.1 टक्के लागणार’ असा निरोप मोबाइलवर फिरतो. तो आकार एप्रिल 2023 पासून वॉलेटमधून दुकानदाराला दिलेल्या पैशापुरता आहे आणि तोही ग्राहकाकडून घेत नाहीत. घरी पाठवायच्या पैशाशी त्याचा संबंध नाही. रक्कम मोठी असेल तर एनईएफटी. सेव्हिंग खात्यातून मोबाइल किंवा नेट बँकिंगनं एनईएफटी केलं तर 1 जानेवारी 2020 पासून बँकेला चार्ज घेता येत नाही, आणि सेवा रात्री-अपरात्री, सुट्टीलाही चालू असते.

मग चुलत्यांना कधी चार्ज लागतो तो का? तीन शक्यता आहेत, बँकेचा एसएमएस बघितला की कोणती ते कळेल. पहिली, ते दुकानाच्या करंट खात्यातून पाठवत असतील. माफी सेव्हिंग खात्याला आहे. दुसरी, शाखेत जाऊन स्लिप भरत असतील. तिथं दहा हजारांपर्यंत अडीच रुपये, लाखापर्यंत 5, दोन लाखांपर्यंत 15 आणि त्यावर 25 रुपये, अधिक जीएसटी, एवढं बँक घेऊ शकते. तिसरी, अ‍ॅपवर घाईत आयएमपीएस निवडलं जात असेल. त्याचा चार्ज प्रत्येक बँक आपला ठरवते. यूपीआय आणि मोबाइलवरच्या एनईएफटीची फुकट वाट मोकळी असताना तो भरायचं कारण नाही.

खरा महाग प्रकार चौथाच, आणि दुकानातल्या कामगार पोरांच्या बाबतीत तो जास्त दिसतो. रोख घेऊन मोबाइल दुकानात जायचं आणि ‘गावाकडं टाका’ म्हणायचं. दुकानदार शेकड्याला रुपयाच्या आसपास घेतो. पाच हजारांना पन्नास. पोरानं स्वतःचं खातं काढून यूपीआय केलं तर हे पन्नास वाचतात. पाटण-जावळीकडची गिरणी कामगार आणि माथाडी मंडळी मुंबईहून मनी ऑर्डर करायची, तेव्हा पोस्ट शंभराला पाच रुपये घ्यायचं. त्या पिढीला आजचा हिशेब दाखवला तर विश्वास बसणार नाही. आणि जगाची सरासरी अजूनही त्याच घरात आहे: दुसऱ्या देशात 200 डॉलर पाठवायला सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो असं जागतिक बँकेची मोजणी सांगते, तो 2030 पर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. शारजाहून एक-सव्वा टक्क्यात पैसे येतात, म्हणजे आपण तसे सुखी आहोत.

आईला पैसे काढताना लागणारा चार्ज मात्र कुणी धरत नाही. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, मोठी शहरं सोडून दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरही पाच, त्यानंतर दर वेळी 23 रुपयांपर्यंत. हजार-हजार करून काढायची सवय असेल तर भावानं शारजात वाचवलेले पैसे इथं जातात.

टॅक्सचं थोडक्यात. मुलानं आईला दिलेल्या पैशावर आईला कर नाही, रक्कम कितीही असो. भाऊ, बहीण, नवरा-बायको, आई-वडील हे सगळे त्या व्याख्येत बसतात, त्यामुळे चुलत्यांनी तुमच्या वडिलांना किंवा तुम्हाला दिले तरी अडचण नाही. आईच्या नावावर मात्र दिराची रक्कम येते. आईच्या नवऱ्याचा भाऊ म्हणून तोही नातेवाईकांत धरला जातो, पण मोठी रक्कम असेल तर साध्या कागदावर बक्षीस म्हणून लिहून ठेवा. आईनं त्या पैशाची ठेव केली तर व्याज तिचं उत्पन्न. भावानं वहिनीच्या नावावर टाकून ठेव केली तर व्याज भावाच्या उत्पन्नात धरतात, हे लक्षात असू द्या.

शेवटी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण सोन्या-चांदीच्या धंद्यामुळे आपल्याकडं ही वाट सहज कानावर येते. ‘तिकडं दिरहम दे, इकडं तासात रुपये पोच करतो, रेटही चांगला.’ ही हवाला झाली, फेमाखाली बेकायदा. पूर्वी रोख यायची, आता असे लोक अनोळखी खात्यातून यूपीआय करतात आणि धोका तिथं वाढला आहे. ते अनोळखी खातं कुणाच्या तरी ऑनलाइन फसवणुकीच्या पैशाचं निघालं तर पोलिसांच्या सायबर विभागाच्या सांगण्यावरून बँक आईच्या खात्यावरची रक्कम गोठवते. तक्रार केरळची, गुजरातची, कुठलीही असू शकते. ते खातं सोडवायला किती हेलपाटे घालावे लागतात ते ज्या घरांनी भोगलं त्यांना विचारा. दिरहममागं पंधरा पैशांसाठी हे करू नये.

आईच्या मोबाइलवर यूपीआय चालू करून देणार असाल तर तिला एवढं पाठ करून द्या, की पैसे येताना पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितलं की फोन ठेवायचा. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा, शाखेत दुसऱ्या दिवशी गेलं तरी चालेल.